ओंडका ओढताना साखळी कुठे अडकवता?

खानापूरहून जांबोटीकडे निघालात की खाली भाताची खाचरे आणि वर माळ, असे चित्र दोन्ही अंगांना दिसते. त्या माळावर पूर्वी गवत आणि करवंदीच्या जाळ्या असत. आता काजू आहे, आणि जिथे काजू नाही तिथे निलगिरी किंवा अकेशिया, म्हणजे आपण ज्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो ती. पोरे पुण्याला, बेंगळूरला गेली, गडी मिळेना, माळ पडीक ठेवण्यापेक्षा झाडे लावून टाकू, असा हिशेब करून ज्यांनी रोपे लावली त्यांची झाडे आता तोडणीला आली आहेत. आणि तोडणी आली की व्यापारी येतो. तो माळावर एक फेरी मारतो, दोन झाडांना टेप लावतो आणि दोन भाव सांगतो. माल जागेवरून उचलायचा असेल तर एक भाव, तुम्ही रस्त्याला आणून दिलात तर दुसरा. दोन्हींतला फरक ऐकला की घरातल्या कुणाची तरी नजर गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या लहान ट्रॅक्टरकडे जातेच.

हा लेख त्या नजरेसाठी आहे.

आपल्या मासिकाचे बरेच वाचक राहतात बेळगाव, पुणे, बडोदा, हैदराबाद इथे आणि सातबारा असतो गावाकडे. इकडे आमच्या कर्नाटकात त्याला 'उतारा' म्हणा. सणासुदीला, शनिवार-रविवारी गावी येऊन शेतीचे थोडेफार बघणारी नवी पिढी आता बरीच दिसते, आणि मला त्याचे कौतुकच आहे. पण वीस-पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हा खेळण्यासारखा दिसतो आणि मोटारसायकल चालवणाऱ्याला अर्ध्या तासात चालवता येतो. रोटाव्हेटर मारला, ट्रॉली ओढली, म्हणजे ट्रॅक्टर आला असे वाटते. ओंडका ओढणे हे मात्र ट्रॉली ओढण्यासारखे नाही. ट्रॉलीला चाके असतात. ओंडक्याला नसतात, आणि तो वाटेत कशातही अडकू शकतो. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात जन्मभर साखळ्या, कप्प्या आणि वजने यांच्यातच राहिलो, आणि निवृत्तीनंतर गेली काही वर्षे गावी माळावरच असतो. त्यामुळे दोन्हीकडचे थोडे सांगू शकेन.

आमच्या वडिलांच्या वेळी ओंडका बैलजोडीने ओढत. चिखलातले काम असेल तर रेडे. बुडख्याला साखळी, साखळी जुवाला, आणि पुढे एक माणूस. मोठे सागवान असले की दांडेलीच्या बाजूला हत्तीही लावत, पण ते खात्याचे काम, शेतकऱ्याचे नव्हे. बैलांचा एक गुण त्या वेळी कुणी बोलून दाखवत नसे, कारण तो गृहीतच होता. ओंडका खुंटाला अडकला की बैल थांबत. एकदा जोर करून बघत, दुसऱ्यांदा मान खाली घालून उभे राहत. मग माणूस मागे जाऊन बघे, पहारीने ओंडका बाजूला करे, आणि काम पुढे चाले.

ट्रॅक्टर थांबत नाही. त्याला थांबवावे लागते. आणि थांबवायला हातात वेळ किती असतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

इंजिनचा सगळा जोर मागच्या ॲक्सलवर येतो. चाके फिरू शकतात तोवर ट्रॅक्टर पुढे जातो. पण मागचा ओंडका खुंटाला घट्ट अडकला, चाकांना जमिनीची पकड चांगली असली आणि ती फिरेनात, तर तो जोर कुठेतरी जाणारच. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरचे अंगच चाकाभोवती फिरू लागते. म्हणजे पुढची चाके जमीन सोडतात, बोनेट वर येते, आणि गाडी मागच्या ॲक्सलवर पाठीमागे उलटते. पुढची चाके सुटल्यापासून गाडी परत खाली येऊ शकणार नाही अशा टप्प्यापर्यंत पोचायला एक सेकंदही लागत नाही. माणसाच्या डोळ्याने बघून, डोक्याने समजून, पाय क्लचवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ गेलेला असतो. 'मी क्लच दाबीन' हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकले आहे. क्लच दाबायचाच, पण त्याच्या भरवशावर साखळी बांधायची नाही.

भरवसा कशावर ठेवायचा, तर साखळी किती उंचीवर बांधली आहे यावर. उभ्या माणसाच्या कमरेला दोर लावून मागे ओढले तर तो पाय रोवून उभा राहील. त्याच्या गळ्यातले उपरणे धरून तेवढ्याच जोराने ओढले तर तो पाठीवर पडेल. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. मागे खाली, ॲक्सलच्या बरेच खाली, कारखान्याने दिलेला जाड पोलादी ड्रॉबार असतो. ओढण्यासाठी ती एकच जागा आहे. साखळी तिथे असली आणि बोनेट वर उचलू लागले तर ड्रॉबार उलट जमिनीकडे जातो, साखळीचा ताण खाली खाली येतो आणि त्याचा उलटवण्याचा जोर कमी होत जातो. साखळी ॲक्सलच्या वर असली, तर अडकलेला ओंडका स्वतःच ट्रॅक्टरला मागे खेचून पाडायला मदत करतो.

आणि तरी लोक वरच बांधतात. सीटच्या मागे टॉप लिंकची जागा असते, तिथे आयती पिन असते, वाकावे लागत नाही, आणि साखळी उंच असल्यामुळे ओंडक्याचे नाक थोडे उचलले जाते. सुरुवातीला ओंडका खरोखरच हलका जातो. हेच फसवे आहे. पहिले दहा ओंडके हलके येतात आणि अकरावा खुंटाला अडकतो.

आमच्या पलीकडच्या गावात काही वर्षांपूर्वी असेच झाले. ओंडका नव्हता, आंब्याचा जुना खुंट होता. खुंट उपटणे म्हणजे तर मुद्दाम अडकलेल्या वस्तूला बांधून ओढणे. तिशीतला मुलगा, ट्रॅक्टर घरचाच, चालवण्यात पटाईत. साखळी टॉप लिंकच्या पिनला होती. दोनदा ओढून खुंट हलला नाही म्हणून तिसऱ्यांदा थोडा झटका दिला. बांधावर उभ्या असलेल्या चुलत्याने नंतर सांगितले की मी 'अरे' एवढेच म्हणालो, पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत ट्रॅक्टर उलटा होता. त्या घरी मी गेलो होतो. लोक नशिबाबद्दल बोलत होते, ट्रॅक्टर बनवणाऱ्याबद्दल बोलत होते. मी मागे जाऊन ती पिन बघितली. साखळीचा हूक तिच्यात तसाच होता. खाली ड्रॉबार कोरा होता, त्याच्यावरचा कारखान्याचा रंगही ठिकठिकाणी शाबूत.

म्हणून आमचा भाचा बेळगावहून पहिल्यांदा या कामाला आला तेव्हा सकाळचा तासभर मी ट्रॅक्टर सुरूच करू दिला नाही. तो मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ बघून आलेला.

"मामा, एवढं काय बघूलास? वरच्या पिनला लावून टाकू की, उचलून तरी येतंय."

"तुझी आई मला काय विचारेल ते आधी सांग," मी म्हटले. "मग बघू कुठे लावायचे."

तो हसला, पण खाली वाकून साखळी ड्रॉबारलाच लावली.

आता ओंडक्याचे नाक जमिनीत घुसते ही अडचण खरी आहे, आणि तिला उपाय हवा. नाक घुसले की ओढही वाढते आणि अडकण्याची शक्यताही. पहिला उपाय कुऱ्हाडीचा. बुडख्याची खालची कड तिरकी तासून होडीच्या नाळेसारखी करायची. पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशाने पडत नाही. व्यापाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो तेवढी लांबी वजा करतो. दुसरा उपाय लिफ्टचा. खालच्या दोन आर्ममध्ये भोके असलेली आडवी पट्टी बसवतात, तिला साखळी लावून लिफ्टने नाक जमिनीपासून वीतभर उचलायचे. वीतभरच. ती पट्टी लिफ्टबरोबर वर जाते, आणि ॲक्सलच्या उंचीला पोचली की आपण पुन्हा त्या वरच्या पिनशीच आलो. मी माझ्या लिफ्टच्या लिव्हरशेजारी पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, तिच्यापुढे लिव्हर जात नाही. बुडखा पुढे ठेवून ओढावे, कारण तोडलेल्या फांद्यांचे खुंट शेंड्याच्या दिशेला वळलेले असतात. शेंडा पुढे ठेवलात तर ते प्रत्येक झुडपात नांगरासारखे रुततात.

चिखलाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आमच्या भातपट्ट्यात सर्रास चालते. मागची चाके रुतली की दोन्ही चाकांना पुढून आडवे लाकूड बांधतात, म्हणजे चाक लाकडावर चढून बाहेर येईल. चाक चढले तर चढले. नाही चढले तर ते जमिनीला खिळल्यासारखे झालेले असते, आणि मग वर सांगितले तेच होते, साखळी नसतानासुद्धा. रुतलेला ट्रॅक्टर आधी रिव्हर्समध्ये काढून बघावा. उलट्या दिशेने जोर लावला की बोनेट वर जात नाही, खाली दाबले जाते. तसा निघाला नाही तर फावडे घ्यावे, चाकामागची माती काढावी, आणि तरीही नाही निघाला तर दुसरा ट्रॅक्टर बोलवावा. शेजाऱ्याला चहा पाजायला काही फार लागत नाही.

वजनाचा अंदाज हा दुसरा मोठा विषय, आणि त्यात व्यापाऱ्याच्या मापाने घोटाळा होतो. आपल्याकडे लाकूड मोजतात ते घेराच्या चौथ्या हिश्शाने. घेर फुटात घ्यायचा, चाराने भागायचा, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. झाले घनफूट. चार फूट घेर आणि बारा फूट लांबी असेल तर बारा घनफूट. हे माप विक्रीसाठी ठीक आहे, पण ते खऱ्या लाकडापेक्षा जवळजवळ एकवीस टक्के कमी दाखवते. साल, कडा, करवतीत जाणारे लाकूड यांची सूट त्यात आधीच धरलेली असते. वजन मात्र सूट देत नाही. ताजे तोडलेले निलगिरी किंवा अकेशियाचे लाकूड पाण्याच्या जवळपास जड धरावे. त्या हिशेबाने व्यापाऱ्याच्या मापाचा एक घनफूट म्हणजे साधारण ३६ किलो. मग बघा. तीन फूट घेराचा बारा फुटी ओंडका सुमारे २४० किलो. चार फूट घेराचा सुमारे ४३० किलो. सहा फूट घेराचा ९७० किलो, म्हणजे जवळजवळ टन. घेर तिप्पट नाही, दुपटीने वाढला, आणि वजन चौपट झाले. डोळ्याला हे दिसत नाही. डोळा घेर बघतो.

माझा ट्रॅक्टर टनाच्या आसपासचा आहे. ट्रॅक्टरच्या निम्म्या वजनापेक्षा जड ओंडका मी सपाटीवरही लावत नाही, आणि चढावर त्याच्याही निम्मा. हा कुठल्या पुस्तकातला नियम नव्हे, आमच्या माळावरचा आहे. ओंडका त्यापेक्षा जड असेल तर व्यापाऱ्याला विचारून तो दोन तुकड्यांत कापतो. सहा फुटी तुकड्याला भाव कमी मिळतो हे खरे. मिळू दे.

साखळीचे सांगायचे तर बाजारात किलोवर मिळणारी साखळी गुरे बांधायला चांगली. ओढायला मिश्रधातूची, प्रत्येक काही कड्यांनंतर ८ किंवा ८० असा शिक्का असलेली साखळी घ्यावी. तिच्या १० मिलिमीटरच्या कडीचा सुरक्षित भार सव्वातीन टनांच्या थोडा आत असतो, ८ मिलिमीटरचा दोन टन. हे आकडे सरळ ओढीचे. ओंडक्याला फास टाकून ओढतो तेव्हा फासाच्या वळणावर कडी तिरकी दाबली जाते, तिथे त्यातला पाचवा हिस्सा तरी कमी धरावा. आणि झटका बसला की ओढ किती पट होईल ते सांगता येत नाही. म्हणूनच आधी साखळीतला ढिलेपणा रांगत रांगत काढायचा, ती ताठ झाली की क्षणभर थांबायचे, मागे वळून बघायचे, आणि मग क्लच सोडायचा. तुटलेली कडी जोडायला नटबोल्ट लावलेली साखळी मी कारखान्यात कुणाला वापरू दिली नसती, माळावरही देत नाही. नायलॉनचा दोर तर या कामाला आणूच नये. तो ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की त्याच्या टोकाचा हूक गोफणीतल्या दगडासारखा येतो. वायर रोप वापरावा लागलाच तर मध्यावर ओले गोणपाट टाका, तुटला तर ते त्याला खाली दाबते. दोर कितीही चांगला असो, त्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभे राहू नये.

आता उतार. आमचा माळ सरळ नाही, खानापूर तालुक्यात पश्चिमेला कुणाचाच नसतो. चढावर तोंड करून ओंडका ओढणे सर्वांत वाईट, कारण ट्रॅक्टरचे वजन आधीच मागच्या चाकांवर गेलेले असते, बोनेट आधीच हलके असते. माल वर आणायचाच असेल तर ट्रॅक्टर वर सपाटीवर उभा करून, लांब दोर खाली सोडून ओढावा, तोही अगदी सरळ मागे येईल असा. बाजूला दोर गेला की ट्रॅक्टर कुशीवर पडतो. लहान ट्रॅक्टर दोन ओळींतून जावेत म्हणून चाके जवळ ठेवलेली असतात, त्यामुळे ते आडवे पडायला मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर तयार असतात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांची मागची चाके बाहेर घेता येतात. हंगामाआधी रिमचे बोल्ट काढून ती रुंद करून घ्यावीत. भाच्याच्या मते हे अर्ध्या दिवसाचे काम फुकटचे होते. दुसऱ्या दिवशी तिरक्या बांधावरून आल्यावर त्याने तसे पुन्हा म्हटले नाही.

उताराने खाली येताना वेगळेच भय. ओंडका मागून घसरत येतो आणि ट्रॅक्टरच्या चाकाला धडकतो. साखळी आखूड, नाक थोडे उचललेले, सर्वांत खालचा गिअर, आणि क्लचला पाय लावायचाच नाही. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना इंजिनचा ब्रेक काय असतो ते ठाऊक नसावे. आणखी एक बघा. शेतात वळताना सोयीचे म्हणून आपण डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले वेगळी ठेवतो. माळावर जाण्याआधी दोन्हींना जोडणारी पट्टी टाकून घ्या. उतारावर घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. फार तीव्र उतार असेल तर ओंडका ट्रॅक्टरने आणूच नये. एप्रिलमध्ये जांभ्याचे बारीक खडे सुटे झालेले असतात, ते चाकाखाली गोट्यांसारखे वळतात. निलगिरीचा वाळलेला पाला तर त्याहून निसरडा, आणि सकाळच्या दहिवराने ओला असेल तर विचारू नका. दिवाळीनंतर जमीन आवळली की होळीपर्यंतचे दिवस या कामाला बरे, आणि त्यातही ऊन चढल्यावरचे.

वाट आधी पायी चालून बघायची. खुंट जमिनीलगत कापून घ्यायचे, कारण वीतभर खुंट ट्रॅक्टरच्या पोटाखालून जातो आणि ओंडक्याच्या नाकाला बरोबर भेटतो. वळण मोठे घ्यायचे. वळताना ओंडका आतल्या बाजूने जवळचा रस्ता धरतो, त्यामुळे आतल्या बाजूला काजूचे झाड असेल तर त्याची साल जाते आणि माणूस असेल तर पाय. सगळे ओंडके एकाच चाकोरीने आणले की खोल चर पडतो. आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना ठाऊक आहे, जूनमध्ये त्या चराचा ओढा होतो आणि माळाची माती खालच्या खाचरात येऊन बसते. काम संपले की चरात दहा-दहा पावलांवर फांद्यांचे भारे आडवे टाकून ठेवतो. खालचे खाचर चुलतभावाचे आहे, त्यामुळे हे विसरण्याची सोय नाही.

माणसांविषयी मी थोडा कडक आहे. मडगार्डवर कुणी बसायचे नाही. पोरे नाहीत, बायका नाहीत, चहा घेऊन आलेला गडीसुद्धा नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर निघाला की दोन माणसे मडगार्डवर चढतातच, जणू ती बसायचीच जागा आहे. ओंडक्यावर उभे राहून त्याला वजन देणारे बहाद्दरही असतात. मागचा माणूस आणि चालवणारा यांच्यात तीन खुणा ठरलेल्या हव्यात, चल, थांब आणि ढिले कर, आणि थांबण्याची खूण कुणीही केली तरी थांबायचे. साखळी सोडताना लिफ्ट खाली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन बंद, आणि साखळी ढिली झाली आहे हे बघूनच हात घालायचा. उतारावर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे, खालच्या नाही. गोल लाकूड कधी गडगडेल ते त्यालाही ठाऊक नसते. एकट्याने हे काम करूच नये. माळावर कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा ११२ लावता येईल अशी जागा कुठली हे सकाळीच बघून ठेवावे. आमच्याकडे ती देवळाच्या कट्ट्यावर आहे.

नव्या ट्रॅक्टरांवर सीटमागे वर उभी लोखंडी चौकट येते. ट्रॅक्टर उलटला तरी चालवणाऱ्याच्या अंगावर पूर्ण येऊ नये यासाठी ती असते. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची झाली, आणि ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढच्या काही दशकांत अगदी थोडी उरली. आपल्याकडे काजूच्या फांद्यांना लागते म्हणून ती घडी घालून ठेवतात, कुणी तर काढून भंगारात देतात. चौकट उभी असेल तर पट्टा बांधावा, म्हणजे माणूस चौकटीच्या आतच राहतो. चौकट नसेल किंवा घडी केलेली असेल तर मात्र पट्टा बांधू नये. जुना ट्रॅक्टर असेल आणि ओंडक्यांचे काम दरवर्षी करायचे असेल, तर कंपनीची चौकट बसवून मिळते का ते विक्रेत्याकडे विचारावे. गावच्या वेल्डरकडून नळीची चौकट करून घेऊ नये. ती दिसायला तशीच असते, पण अंगावर पडणारे वजन ती पेलेल याची खात्री कोण देणार?

परवानगीचे एका वाक्यात सांगता येत नाही, कारण आपले वाचक तीन राज्यांत विखुरलेले आहेत. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा, महाराष्ट्रात १९६४ चा, गोव्यात १९८४ चा, आणि सूट असलेल्या झाडांच्या याद्या तिन्हीकडे वेगळ्या. साग, शिसव अशी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडण्याआधी आणि वाहून नेण्याआधी वनखात्याच्या कचेरीत जावेच लागते. ओंडका रस्त्याला आणून ठेवल्यावर कागद शोधायला निघू नका.

या हंगामात आमचे सत्तरेक ओंडके खाली आले. नऊ ओंडके मी मुद्दाम वरच ठेवले. घळीच्या कडेचे सहा-सहा फूट घेराचे होते, वाट नव्हती, आणि तिथे ट्रॅक्टर उभा करायला सपाट जागाही नव्हती. व्यापाऱ्याने त्यांना जागेवरचा भाव दिला आणि स्वतःची माणसे आणि मोठे यंत्र आणून ते उचलले. फरकाचे पैसे भाच्याने कागदावर मांडून मला दाखवले, आकडा लहान नव्हता. मी तो कागद ट्रॅक्टरच्या पुस्तकात घालून ठेवला. पुढच्या वर्षी घळीच्या अलीकडची ओळ तोडायची आहे. तिथे वाट करता येईल का, ते पावसाळ्याआधी दोघे मिळून चालून बघणार आहोत.